झोपेचा भाव कोण देणार?



मागे मार्च महिन्यात आम्ही तिघे कार्यकर्ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कामाला गेलो होतो. काम दुपारीच आटोपले. परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची, म्हणून आमच्या कॉलेजच्या दिवसांतल्या एका मित्राच्या घरी आंजर्ल्याला मुक्काम केला. आंजर्ले म्हणजे दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. जोग नदी तिथे समुद्राला मिळते. टेकडीवर कड्यावरचा गणपती, खाली नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पुढे लांबलचक वाळू. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सातशे-आठशे मिलिमीटरवर कापूस आणि ज्वारी काढणाऱ्या आमच्यासारख्यांना ते हिरवेपण पाहून आधी हेवा वाटला. रात्री तो हेवा उतरला.

जेवणे झाल्यावर मित्राचा शेजारी म्हणाला, चला, कासवांचे दाखवतो. आम्ही बॅटऱ्या घेऊन निघालो. वाळूवर पाऊल टाकताच तो म्हणाला, "आधी बॅटरी बंद करा." कारण विचारले तर त्याने नीट समजावून सांगितले. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यांवर कुत्री, कोल्हे, माणसे यांचा डोळा असतो. म्हणून गावातली माणसे रात्री किनारा फिरतात, अंडी उचलून जाळीच्या कुंपणात पुन्हा तशाच खड्ड्यात ठेवतात आणि दीड-दोन महिने राखण करतात. पिल्लू वाळूतून वर आले की उजेडाकडे धावते. अंधाऱ्या रात्री समुद्राकडची बाजू उजळ असते, म्हणून ते पाण्यात जाते. किनाऱ्यावर दिवा लागला तर ते चुकून गावाकडे वळते आणि मरते. कासवाच्या पिल्लाला अंधार लागतो, म्हणून अंधार राखायचा.

हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सुरू केले आणि तिथून ते आंजर्ल्यासारख्या गावांत पसरले. काम चांगले आहे, मनापासून चाललेले आहे आणि आमची त्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर शेतकरी चळवळ कासवांच्या विरोधात, अशी बातमी व्हायची.

पुढे आम्ही विचारले, या जागरणाचे काही मिळते का? तो म्हणाला, हंगामापुरते वन खात्याकडून मानधन मिळते. मग त्याच्या शेतीबद्दल बोलणे निघाले. डोंगराच्या उताराला थोडे भात आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात भात पिकायला आले की रानडुकरे उतरतात. तेव्हा महिनाभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा. आम्ही पुन्हा तोच प्रश्न केला, त्या जागरणाचे काय मिळते? त्याने आमच्याकडे, शहाण्या माणसाने खुळ्याकडे पाहावे तसे पाहिले. "त्याचे भात मिळते. डुकरांनी ठेवले तर."

भावांनो, आम्ही त्या रात्री झोपलो नाही, ते या उत्तरामुळे. माणूस तोच. रात्र तीच. डोळे तेच जागणारे. समुद्रावर जागला तर ते काम ठरते, त्याची नोंद होते, त्याला मानधन मिळते. आपल्या भातासाठी जागला तर ते काम नाही. ती म्हणे शेतकऱ्याची जीवनपद्धती!

आता आपल्याकडे या. यवतमाळ, वाशीम, हिंगोली, परभणी, कोणत्याही जिल्ह्यात मृग लागल्यापासून मोजा. पेरलेले सरकीचे बी आणि मक्याचे दाणे डुकरे उकरून खातात, म्हणून जागल. सोयाबीन-तुरीला रोह्यांचे कळप, म्हणून जागल. ज्वारी हुरड्यावर आली की दिवसा पाखरे आणि रात्री डुकरे. हरभरा घाट्यावर आला की पुन्हा जागल. खरीप आणि रब्बी मिळून वर्षातले चार-पाच महिने घरातला एक कर्ता माणूस रात्री घरात नसतो. तो धुऱ्यावर मचाणावर असतो, हातात बॅटरी, तोंडात खर्रा. खर्रा कशासाठी? झोप येऊ नये म्हणून. व्यसनमुक्तीचे कीर्तन करणाऱ्यांनी हेही कधी विचारावे.

आमच्या भागातून खरिपाची ज्वारी का गेली, यावर विद्यापीठातले लोक निबंध लिहितात. भाव नव्हता, हे खरे. सोयाबीनला नगद पैसा मिळाला, हे खरे. पण गावोगाव बसून विचारा. दहातले सात जण सांगतील, "साहेब, राखण कोण करणार?" भुईमूग तर डुकरांनीच संपवला. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे बैल गेले, शेणखत गेले. एका पिकाचे गणित रात्रीच्या झोपेवर मोडले आणि आम्ही कृषी पदवीधर मात्र वाणांच्या उत्पादकतेचे तक्ते काढत बसलो. यात आम्हीही होतो, हे कबूल करतो.

दुसरी चोरी विजेची. कृषी पंपाला थ्री फेज पुरवठा चक्राकार पद्धतीने, म्हणजे एका पाळीत दिवसा आठ तास आणि दुसऱ्या पाळीत रात्री दहा तास, ही रीत या राज्यात वर्षानुवर्षे चालली. जिथे सौर वाहिनी पोचली तिथे दिवसा वीज मिळू लागली आहे. जिथे नाही तिथे शेतकरी अजून रात्री बाराला स्टार्टर दाबायला जातो. कोणी म्हणेल, आम्ही कोरडवाहूवाले, आम्हाला विजेशी काय करायचे? पण कोरडवाहू शेतकऱ्याच्याही विहिरीत दिवाळीनंतर थोडे पाणी असते. त्यातून हरभऱ्याला एक-दोन ओलिते आणि कपाशीला एखादे दिले तरच वर्ष निघते. पाणी थोडे, म्हणून जास्तच जपून द्यावे लागते. मोटार सुरू करून घरी येऊन झोपता येत नाही. सरीत उभे राहून दारे फोडावे आणि बांधावे लागते. त्यात लाईन गेली की डीपीपाशी, आली की पुन्हा सरीत. थंडीत, चिखलात, सापांत.

सापांचे सांगतो. सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. यातले बहुतेक खेड्यांतले. घोणस आणि मण्यार रात्रीच फिरतात. मण्यार तर जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. म्हणजे शेतात जागणारा आणि मचाण नाही म्हणून खळ्यात पडणारा, दोघांच्याही नशिबी तेच.

रात्री वीज देण्यामागे एक कारण सांगितले जाई. कोळशाची वीज केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, शहरे आणि कारखाने तेव्हा कमी वीज वापरतात, मग उरलेली वीज शेतीला द्यायची. म्हणजे सगळ्यांनी जेवून उरले ते शेतकऱ्याच्या ताटात. बरे, तेही कारण आता राहिलेले नाही. सूर्याची वीज दुपारी मुबलक झाली आहे, टंचाई संध्याकाळी होते. दुपारी वीज वापरा म्हणून आता कारखान्यांना दरात सवलत मिळते. गुजरातने २०२० साली किसान सूर्योदय योजना आणली आणि पहाटे पाच ते रात्री नऊ या वेळेत शेतीला वीज देण्याचे ठरवले. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. तिची दुसरी आवृत्ती २०२३ ची. कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी स्वाभिमानी शेतकरी संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये धरणे धरले, तेव्हा कुठे हा विषय मुंबईच्या कानावर गेला. २०२४ साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज पाच वर्षे मोफत केली. वीज मोफत आणि झोप विकत! आम्हाला कोणी विचारले असते, तर शंभरातले नव्वद शेतकरी म्हणाले असते, बिल घ्या, पण दिवसा द्या.

आमच्या एका बैठकीत साठीचे एक गृहस्थ उभे राहिले. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली. म्हणाले, "डॉक्टर म्हणतात रोज सात तास झोपा. लाईन म्हणते ऊठ. मी कोणाचे ऐकू?" लोक हसले. ते हसण्यासारखे नव्हते.

डॉक्टर चूक सांगत नाहीत. प्रौढ माणसाला रात्री सात तासांची झोप लागते, यावर वैद्यकात आता फारसा वाद उरलेला नाही. प्रत्येक पेशीत एक घड्याळ असते. ते कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. हे घड्याळ सूर्याला बांधलेले आहे. दिवसाची पाळी रात्रीवर नेली की ते दिवसाला साधारण एक तास या गतीने सरकते. म्हणजे रात्रपाळीची सवय होता होता आठवडा जातो आणि तेवढ्यात वेळापत्रक फिरते. आमचे चक्राकार भारनियमन ज्यांनी आखले त्यांनी फीडरचा विचार केला, ट्रान्सफॉर्मरचा केला. त्या तारेच्या टोकाला एक माणूस आहे आणि त्याच्या अंगातही एक घड्याळ आहे, हे त्यांच्या नकाशात नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाचे संभाव्य कारण म्हटले आणि २०१९ मध्ये तेच पुन्हा म्हटले. त्यांच्या डोळ्यांपुढे परिचारिका होत्या, कारखान्यातले कामगार होते. धुऱ्यावरचा माणूस कोणत्याच पाळीच्या हजेरीपटावर नाही, म्हणून तो कोणाच्याच अभ्यासात फारसा नाही.

ऑस्ट्रेलियातले २००० सालचे एक संशोधन आहे. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालतात. आपल्या देशात वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता हिशेब करा. सकाळी सहाला उठलेला शेतकरी रात्री बाराला मोटार सुरू करतो, तेव्हा त्याचे अठरा तास झालेले असतात. कायद्याच्या भाषेत त्या अवस्थेत त्याने मोटारसायकलला किक मारू नये. आणि आम्ही त्याला ओल्या पायांनी थ्री फेजच्या स्टार्टरला हात लावायला पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस फवारणीला जातो, डोळे चोळत औषधाचे माप काढतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली. कारणे पुष्कळ होती, एकट्या झोपेवर ते खापर आम्ही फोडणार नाही. पण एवढे सांगतो, जागल करून आलेल्या माणसाने त्या दिवशी फवारणीच्या पंपाला हात लावू नये. फवारणी एक दिवस पुढे गेली तर बोंडअळी गाव सोडून जाणार नाही, पण तुम्ही राहाल.

इथे आम्हाला आमच्या अभ्यासातली एक गोष्ट आठवते. आपली जुनी गावरान ज्वारी दिवस लहान आणि रात्री मोठ्या झाल्याशिवाय निसवत नाही. पुस्तकात याला लघुदिनी पीक म्हणतात, पण पीक खरे मोजते ते रात्र. अखंड अंधाराची ठराविक रात्र मिळाली की पोटरी धरते. मध्येच उजेड पाडला तर रात्र तुटते आणि फुलोरा लांबतो. रस्त्याच्या मोठ्या दिव्याखालचे सोयाबीन पाहा, बाकीचे शेत पिवळे पडले तरी तेवढा पट्टा हिरवाच राहतो. ज्वारीच्या ताटाला अखंड रात्र लागते. आंजर्ल्याच्या पिल्लाला लागते. ही विद्या आम्हाला सरकारी खर्चाने शिकवली. ताटाच्या मालकाला किती रात्र लागते, हा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

न्यायालयांना मात्र तो ठाऊक आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये झोपलेल्या जमावावर पोलिसांनी मध्यरात्री कारवाई केली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की झोपेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भाग आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ईडीने रात्रभर चौकशी केलेल्या एका व्यापाऱ्याचे प्रकरण आले. अटक बेकायदा ठरवायला न्यायालयाने नकार दिला, पण झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती हिरावणे हा मानवी हक्काचा भंग आहे, जबाब दिवसाच्या वेळीच घ्यावेत, असे बजावले. फार चांगले झाले. ज्याच्यावर काळ्या पैशाचा संशय आहे त्यालाही रात्री उठवू नये. मग ज्याच्याकडे पांढरे सोने आहे आणि काळाही पैसा नाही, त्याने काय गुन्हा केला?

मागणी काही नवी नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचे मागणीपत्र केले. आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, तीच आज सगळे साहेब उपभोगतात. पुढे कामगारांना ठरलेले तास मिळाले, १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा वेळेला दुप्पट वेतन मिळाले. जे कामगार त्या गिरण्यांत राबत होते ते आपल्याच गावांतले, कोकणातल्या अशाच आंजर्ल्यांतले आणि देशावरचे होते. गिरणीत गेलेल्या भावाने सूर्यास्ताची मागणी केली. शेतात राहिलेल्या भावाला अजून सूर्यास्त मिळालेला नाही.

याचे मूळ कुठे आहे? शेतीमालाच्या भावात. आपली चळवळ घामाचे दाम मागत मोठी झाली. जागरणाचे दाम मागायचे राहून गेले. कृषी मूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत धरतो. मजुराचा दर घ्यायचा आणि तासांनी गुणायचे. त्यात राखणीचे चार दोन दिवस कुठे आले असतीलही. पण सबंध हंगामाच्या रात्री, आणि रात्रीच्या तासाला दिवसाच्या तासापेक्षा जादा दर? शेतकऱ्याला विचारून ते तास कोण लिहितो?

आम्ही एक ढोबळ हिशेब मांडतो. चुकत असेल तर बैठकीत दुरुस्त करा. धरून चाला की एका शेतकऱ्याने तीन एकर ज्वारीसाठी ४५ रात्री जागल केली. एक रात्र म्हणजे आठ तास, म्हणजे एक दिवसाची मजुरी. ती ३०० रुपये धरू. झाले १३ हजार ५०० रुपये. तीन एकरांत एकरी आठप्रमाणे २४ क्विंटल ज्वारी आली. क्विंटलमागे ५६२ रुपये निव्वळ जागरणाचे. कारखान्यासारखा दुप्पट दर लावला तर ११२५. संकरित ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ साठी ३६९९ रुपये होता. तोही बाजारात मिळेलच असे नाही, हे वेगळे. म्हणजे भाकरी खाणाऱ्या प्रत्येकाच्या ताटात शेतकऱ्याची थोडी झोप आहे आणि तिचे पैसे कोणी दिलेले नाहीत.

जागरण हे काम आहे, हे गावाला पूर्वी कळत होते. गावात जागल्या नावाचे पद होते. त्याने रात्री पहारा द्यायचा आणि त्याबद्दल गावाने बलुते द्यायचे. ही फार न्यायाची व्यवस्था होती, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गावाने निवांत निजावे म्हणून खालच्या मानलेल्या जातींची झोप पिढ्यान्‌पिढ्या तुटपुंज्या बलुत्यावर घेतली. असल्या वतनांच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ पासून झगडा केला आणि १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. बरे झाले. पण ज्या गावाने दुसऱ्याचे जागरण इतके स्वस्तात घेतले, त्याच गावाचे जागरण आता देश फुकट घेतो आहे. हे उमजले तर आपण मागणी मांडताना शेतमजुराला विसरणार नाही. चार-दोनशे रुपयांवर दुसऱ्याच्या शेतात रात्र काढणारा सालदार आपल्याच गावात आहे. त्याची झोप कोणाच्या खात्यावर लिहायची, ते आधी आपण सांगितले पाहिजे.

आणि आता घरात या. जागलीला पुरुष जातो, हे आम्ही मोठ्याने सांगतो. तो पहाटे घरी येऊन आडवा होतो तेव्हा बाई उठलेली असते. चार वाजता. पाणी, झाडलोट, भाकरी, मुलांची शाळा, मग वेचणीला कपाशीत. रात्री सगळ्यांची भांडी घासून ती शेवटी निजते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८. सव्वातीन तासांहून जास्त असलेल्या या फरकातले बरेच तास झोपेतूनच कापले जातात, हे कळायला पाहणीची गरज नाही. डुक्कर आणि वीज कंपनी यांनी नेली नाही अशीही झोप आपल्या घरात चोरीला जाते. तो चोर आपल्या आरशात दिसतो.

चळवळही यातून सुटलेली नाही. आमच्या तालुका बैठका रात्री नऊला ठरतात, साडेदहाला सुरू होतात, पाहुणे पुढारी अकराला येतात आणि भाषणे एक वाजेपर्यंत चालतात. दिवसा शेतकऱ्याला वेळ नसतो, असे आम्ही म्हणतो. मग बायका बैठकीला येत नाहीत, अशी तक्रारही आम्हीच करतो. १९८६ साली चांदवडला लाखोंनी शेतकरी बायका जमल्या, तेव्हा त्यांना कोणी रात्री एकला बोलावले नव्हते! जागून जागून डोळे लाल झालेला कार्यकर्ता म्हणजे निष्ठावंत, ही समजूत आम्हीही बाळगली आणि मिरवली. आमच्यातल्या दोघांना त्याची किंमत दवाखान्यात मोजावी लागली. पोरे रात्री बारापर्यंत मोबाईलवर असतात म्हणून आपण ओरडतो. त्या मोबाईलवर रात्री पावणेबाराला आंदोलनाचे निरोप कोण पाठवतो, तेही पाहावे.

सरकारकडे काय मागायचे ते स्पष्ट आहे. प्रत्येक कृषी वाहिनीवर दिवसा वीज, आणि तिचे तालुकावार वेळापत्रक तारखेसह जाहीर करा. रानडुक्कर आणि रोही मारण्याची परवानगी वनक्षेत्रपालाकडून मिळू शकते, असा २०१५ चा शासन निर्णय आहे. पण बंदूक कोणाकडे आणि अर्ज घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे? हे काम वन खात्याचे आहे. जंगल त्यांचे, जनावर त्यांचे, मग जागल आमची का? वन्यप्राण्यांच्या नुकसानीला पीक विम्यात पुन्हा घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, खरीप २०२६ पासून. ७२ तासांत मोबाईलवर फोटोसह कळवायचे. ठीक आहे. त्यात राखणीच्या खर्चाचा रकाना घाला, म्हणजे नुकसान होऊ नये म्हणून जो जागला त्यालाही काही मिळेल. आज जो झोपला त्याचे पीक गेले तर भरपाई, आणि जो जागला त्याला शून्य, असा उलटा न्याय आहे.

तोपर्यंत आपण काय करायचे? शिवारातल्या लागून असलेल्या दहा-बारा शेतकऱ्यांनी जागलीची पाळी लावा. बाराजण बारा मचाणांवर जागण्यापेक्षा दोघांनी फिरावे, दहांनी झोपावे. सहा रात्रींतून एक रात्र वाट्याला येते. काही गावांत हे चालते, जिथे बांधाचे भांडण आहे तिथे चालत नाही. तेवढे भांडण मिटवून पाहा. सौर कुंपणाचा झटका मशीन घ्यायचा तर सगळ्यांनी मिळून घ्या. पण तारेत सरळ घरची वीज सोडू नका. त्याने डुकराआधी शेजारी मेल्याचे आपण पाहिले आहे. ज्याची पाळी झाली त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास झोपू द्या, आणि त्याला आळशी म्हणू नका. कोकणातल्या वामकुक्षीची आपण थट्टा करतो. आंजर्ल्याला दुपारी एक ते तीन कोणी कोणाचे दार वाजवत नाही. आमच्या मित्राचे वडील ऐंशी पार आहेत.

पुढच्या जिल्हा बैठकीसाठी एक काम. प्रत्येक तालुका प्रतिनिधीने आपल्या गावातल्या किमान दहा घरांतून पंधरा दिवसांची वही आणावी. रकाने चारच. तारीख, किती वाजता निजलो, किती वाजता उठलो, का उठलो. घरातल्या बाईचे पान वेगळे, आणि ते तिनेच सांगायचे. लिहिता येत नसेल तर पोरांनी लिहावे, पण तिच्या तोंडचे. या वह्या आम्ही एकत्र बांधून कृषी मूल्य आयोगाला आणि वीज नियामक आयोगाला सादर करणार आहोत. अंदाजाने आकडे भरू नयेत. एखाद्या रात्री खरोखर आठ तास झोप झाली असेल तर तेही लिहावे.

बैठक सकाळी अकराला सुरू होईल आणि चारला संपेल. भाषणे दोनच. रात्रीचा मुक्काम ठेवलेला नाही.